न भरलेली अक्षरे

माझ्या थोरल्या बहिणीने पुष्कळ वर्षांपूर्वी दाराच्या कडीत अडकवून ठेवलेली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी : "उशीर होईल. वाट पाहू नकोस. खिडक्या लावून घे, आभाळ आलंय." ही चिठ्ठी क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्यात, आणायची असे मी ठरवले, तेव्हा अक्षरे ग्राफवर उतरवायची, काळा दोरा घ्यायचा आणि भरत सुटायचे, फार तर पंधरवड्याचे काम, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते पाच महिन्यांहून अधिक चालले आणि शेवटी जे तयार झाले त्यात ताईच्या अक्षरांवर एकही टाका नाही.

त्यापूर्वी सहा-सात वर्षे मी तयार ग्राफवरून भरतकाम करीत होतो. अशा ग्राफमधील प्रत्येक घरात एक खूण असते, प्रत्येक खुणेला दोऱ्याचा एक क्रमांक ठरलेला असतो आणि आपण घर मोजून फुली घालत जातो. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणणार नाही. मनाला एवढी विश्रांती देणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात, आणि ही पद्धत जुनीही आहे. चौकटीच्या कागदावर छापून हाताने रंगवलेले ग्राफ १९व्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधून विकले जात आणि युरोपभरच्या घरांत ते लोकरीने भरले जात. मात्र त्यात रंग कोणता, रेष कुठे वळवायची, काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे सारे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. भरणाऱ्याकडे उरते ती चिकाटी, आणि लोक कौतुकही तिचेच करतात.

माझे समाधान ढळले ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील एका कापडाचे छायाचित्र पाहून. एलिझाबेथ पार्कर नावाच्या, घरकामाला राहिलेल्या तरुण स्त्रीने १८३०च्या सुमारास लिननवर तांबड्या रेशमाने आपली हकीकत भरली आहे : मालकाकडून झालेला छळ, जीव देण्याचा मनात आलेला विचार, त्यानंतरचे भय. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडते आहे, अशी तिची सुरुवात आहे. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, केवळ बारीक फुल्यांच्या ओळींखाली ओळी, आणि शेवट अर्ध्या वाक्यात तुटलेला. खाली कापड कोरेच राहिले आहे. मुलींना अक्षरओळख आणि टाके एकदमच शिकवण्यासाठी जे नमुनाकापड वापरले जाई, त्याच कापडावर, त्याच टाक्यात तिने जे करून ठेवले, त्याला हस्तव्यवसाय म्हणणे मला जमेना. पुढे आजच्या कलावंतांची कामे शोधून पाहिली. लिथुआनियाच्या सेवेरिया इन्चिराउस्काइते-क्रियाउनेविचिएने पत्र्याच्या झाकणांना आणि मोटारीच्या दारांना भोके पाडून त्यांतून मासिकांतल्या नमुन्यांसारखी फुले भरतात. इंगे याकोबसेन फॅशनच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवरच टाके घालून छापील चेहरा झाकून टाकतात. या सर्वांचा टाका तोच आहे जो मी रोज घालत होतो. मग चिठ्ठी काढली.

पहिला प्रयत्न सोपा आणि फसवा होता. चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन मी ते ग्राफ तयार करून देणाऱ्या एका संगणकीय प्रणालीत घातले. तिने कागदाच्या सुरकुत्या, पेन्सिलीची चकाकी आणि माझ्या बोटाची सावली एवढ्या भक्तिभावाने जपली की चार ओळींच्या चिठ्ठीला साठाच्या आसपास रंग लागले, आणि त्यांतील निम्मे रंग इकडे एक घर, तिकडे एक घर असे विखुरलेले होते. भरतकाम करणारे या विखुरलेल्या टाक्यांना कॉन्फेटी, म्हणजे उधळलेले रंगीत कागदाचे कपटे, म्हणतात आणि ते शब्दशः तसेच दिसतात. यंत्राला चिठ्ठी आणि सुरकुती यांत फरक कळत नव्हता, आणि तो कळणे हेच तर माझे काम होते.

दुसऱ्या वेळी ग्राफपेपर घेऊन अक्षरे हाताने काढली आणि आयडा नावाच्या, विणीतच घरे असलेल्या कापडाच्या तुकड्यावर ३१० क्रमांकाच्या काळ्या दोऱ्याने "आभाळ" हा एक शब्द भरून पाहिला. शब्द स्वच्छ वाचता येत होता, पण ती ताईची चिठ्ठी राहिली नव्हती, फलाटावरची पाटी झाली होती. चूक कुठे आहे हे समजायला दोन दिवस लागले. देवनागरीची शिरोरेखा फुलीच्या टाक्याला फार सोयीची असते, कारण सरळ आडवी ओळ म्हणजे मोजायचेही काम नाही. त्या सोयीला भुलून मी सगळी अक्षरे एका दोरीवर वाळत घातली होती. ताई शिरोरेखा शब्द लिहून झाल्यावर देते, ती उजवीकडे चढत जाते, आणि "भ"वर तर ती पोचतच नाही. मग चिठ्ठीवर पट्टी ठेवून मोजले, तेव्हा सुमारे वीस घरांमागे एक घर एवढा तो चढ निघाला. घरांच्या जाळीवर तिरकी रेष काढता येत नाही, पायरी करता येते. वीस घरे गेल्यावर रेघ एक घर वर उचलायची, पुन्हा वीस घरे, पुन्हा एक. एवढ्याने हस्ताक्षर परत आले. "खिडक्या"मधली वेलांटी तिच्या हातून अंमळ लांब जाऊन "ड"वर झुकते आणि "होईल"मधल्या "ई"चा वरचा फटकारा ओळीबाहेर पडतो, हेही मी तसेच ठेवले. अक्षराच्या अंगाला १२ घरे, वरच्या मात्रा-वेलांट्यांना ६, खालच्या उकारांना ६, असा एका ओळीला २४ घरांचा हिशेब बसला. चार ओळींची ९६ घरे, वर-खाली आठ-आठ घरांची मोकळी जागा, म्हणून उंची ११२ आणि रुंदी १६८. इंचाला १४ घरे धरली की हे काम बरोबर १२ इंच बाय ८ इंच होते.

अक्षरे जमली, तरी काळा दोरा डोळ्यांना खुपतच होता. पेन्सिलीची ओळ कागदात मुरलेली असते, काळी फुली कापडावर उठून बसते. एका संध्याकाळी ग्राफपेपरवर रंगाची पेन्सिल फिरवताना मी कंटाळून अक्षरांऐवजी त्यांच्याभोवतीची घरे रंगवत गेलो, आणि अक्षरे कागदाच्याच रंगाची होऊन मागे सरकली. ही काही माझी कल्पना नव्हे. इटलीतील असिसी या गावाच्या नावाने ओळखली जाणारी भरतकामाची एक जुनी पद्धत नेमकी हीच आहे : पक्षी आणि प्राणी कोरे सोडायचे, त्यांच्याभोवतीची पार्श्वभूमी एका रंगाच्या फुल्यांनी भरायची आणि आकाराची कड गडद दोऱ्याने आखायची. मला कड नको होती, कारण आखलेले अक्षर लिहिलेले वाटत नाही. शिवाय चिठ्ठीत आभाळ आले होतेच. अक्षरांभोवती तेच भरायचे ठरले.

यातून जी अडचण निघाली ती मी कुठे वाचली नव्हती आणि तिच्यापायी पहिला ग्राफ पूर्ण वाया गेला. अक्षर भरताना तिरक्या रेघेतील दोन फुल्या कोपऱ्याला एकमेकींना टेकतात, एकाच छिद्रातून जातात, आणि डोळा त्यांना जोडून घेतो. तीच रेघ कोरी सोडली तर उलट घडते. त्या कोपऱ्यावर आता बाजूच्या भरलेल्या फुल्या भेटतात आणि कोरी रेघ तिथे चिमटली जाऊन तुटते. त्यातच दोऱ्याला फुगवटा असल्यामुळे प्रत्येक फुली शेजारच्या कोऱ्या घरात थोडी सरकते. नमुन्याच्या तुकड्यावर "ळ"ऐवजी मला सात-आठ ठिपके मिळाले. उपाय एकच होता : प्रत्येक रेघ दोन घरे रुंद करणे. म्हणजे सर्व अक्षरे नव्याने काढणे आले, आणि १२ घरांच्या उंचीत दोन घरांची रेघ बसवताना "घ"चे पोट आणि "क्य"चा जोड यांसाठी अक्षरशः एकेका घरावरून स्वतःशी भांडावे लागले. शेवटच्या ग्राफमध्ये एकूण १८,८१६ घरे होती. त्यांतील २,४३१ कोरी राहणार होती आणि १६,३८५ भरायची होती.

कापडही बदलले. आयडा, किंवा शाळेपासून हातात असलेली मॅटी, यांच्या विणीतच घरे असतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते; पण तिथे न भरलेले घर भरायचे राहून गेल्यासारखे दिसते, कारण छिद्रे डोळ्यांत येतात. मला कोरी जागा कागदासारखी हवी होती. म्हणून इंचाला २८ धागे असलेले लिनन घेतले आणि प्रत्येक फुली दोन धाग्यांवर घातली. आकार तोच राहतो, मोजणी मात्र जिकिरीची होते, कारण दोनऐवजी तीन धागे उचलले गेले तर लगेच कळत नाही. तशी चूक मी केलीच. दुसऱ्या ओळीतल्या "वाट"पाशी पोचल्यावर डावीकडून आलेली ओळ आणि वरून उतरलेली ओळ एका धाग्याने जुळेनात. मागे मोजत गेलो तेव्हा चूक चारशे फुल्या अलीकडे सापडली. उसवताना लिननचा धागा तुटू नये म्हणून एकेक टाका सुईच्या बोथट टोकाने सैल करून काढावा लागतो, त्यामुळे चारशे फुल्या घालायला जेवढा वेळ गेला त्याच्या दीडपट काढायला गेला. त्यानंतर शहाणपण सुचून सबंध कापडावर दर दहा घरांना पिवळ्या दोऱ्याचे धावते टाके घालून जाळी आखली, जी आरंभीच आखायला हवी होती.

रंगांचा निर्णय माझ्या मते या कामातील सर्वांत महत्त्वाचा होता. डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या दोऱ्यांत जुनाट निळ्या रंगाची एक चढती श्रेणी आहे : ३७५२, ९३२, ९३१, ९३०, ३७५०, फिकटाकडून गडदाकडे. आधी मी गडद वर आणि फिकट खाली असे योजले होते, कारण आकाश चितारण्याची सवय तशीच आहे. नमुना करून त्याचे कृष्णधवल छायाचित्र घेतले तेव्हा शेवटची ओळ, म्हणजे "आभाळ आलंय", कापडाच्या रंगात विरून गेलेली दिसली. चिठ्ठीतली जी बातमी, तीच वाचता येईना. मग क्रम उलटा केला, ३७५२ काढून टाकला आणि ९३२पासून सुरुवात केली. आता "उशीर होईल" हे शब्द अंधूक दिसतात, थोडे थांबून वाचावे लागतात, आणि डोळा खाली उतरतो तसे अक्षर उजळत जाते, कारण भोवतीचे आभाळ काळवंडत जाते. चार रंग आणि शेजारच्या दोन रंगांचा एकेक पदर, म्हणजे दोऱ्यातला एकेक सुटा धागा, एकाच सुईत घेऊन केलेले तीन मिश्र रंग, मिळून सात छटा झाल्या, प्रत्येकीला १६ ओळी. मिश्र दोऱ्यात कोणता पदर वर येईल हे टाक्यागणिक बदलते आणि ते मी मुद्दाम सांभाळले नाही. तेवढी मोकळीक नसती तर आभाळाचे पट्टे झाले असते.

मिश्र दोऱ्याची एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. एकाच रंगाचे दोन पदर हवे असतात तेव्हा एक लांब पदर दुमडून त्याच्या फासातून सुई काढली की गाठीशिवाय सुरुवात होते; दोन वेगळे रंग असले की हा मार्ग बंद, आणि दोऱ्याचे टोक प्रत्येक वेळी मागच्या टाक्यांखाली दाबावे लागते. त्यात कोऱ्या अक्षरांमुळे दोरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला मागून ओढून नेता येत नाही, कारण लिननमधून तो गडद सावलीसारखा पुढे दिसतो. अक्षराला वळसा घालून, आधीच्या टाक्यांखालून सुई नेत जावे, नाहीतर दोरा संपवून पलीकडे नव्याने लावावा. आठ मीटरच्या लडीत सहा पदर असतात. दोन पदरांनी भरले तर कागदावरच्या हिशेबाने तिच्यात २,७००च्या वर फुल्या बसायला हव्यात, पण या सुरुवाती, शेवट आणि उरलेले तुकडे धरून माझ्या हाती १,८००च्या आसपासच पडल्या. एकूण दहा लडी लागल्या.

रोजचे काम याहून शांत होते आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. २६ नंबरची सुई, हातभर दोरा, तासाला शंभर-एकशेदहा फुल्या. फुलीचा वरचा पाय, म्हणजे नंतर घातलेला तिरका टाका, सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला असावा लागतो, हे मला ठाऊक होते. तरीही उजेड नीट पडावा म्हणून एकदा चौकट आडवी फिरवून बसलो आणि दोन संध्याकाळी तशीच भरत राहिलो. समोरून पाहताना काहीच कळत नव्हते. सकाळचे तिरपे ऊन पडले तेव्हा आभाळात एक चौकोनी ठिगळ चमकले. ते ठेवावे, असाही मोह झाला. केवळ पायांची दिशा बदलून एका रंगात दोन छटा काढणे हे एक चांगले साधन आहे आणि मी ते पुढे केव्हातरी वापरीनही. पण हे ठिगळ मी ठरवून केलेले नव्हते आणि "नकोस"च्या "को"ला मधोमध कापत होते, म्हणून उसवले.

काम पूर्ण झाल्यावर ते थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतले, टॉवेलवर पालथे ठेवून इस्त्री केली आणि आम्लरहित पुठ्ठ्यावर ताणून मागच्या बाजूने दोऱ्याने आवळले. एका फ्रेमवाल्याने डिंकाने चिकटवण्याचा आग्रह धरला होता, तो मी मानला नाही; डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि एकदा चिकटलेले कापड पुन्हा सुटत नाही. काच लावली, पण टाक्यांना टेकू नये म्हणून कडेने पट्टी देऊन.

त्यानंतर ते एका सामूहिक प्रदर्शनात दिले. आयोजकांनी चित्रांच्या दालनात जागा नाही असे सांगून ते हस्तकलेच्या टेबलाशेजारी लावले. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी किती दिवस लागले एवढेच विचारले, आणि दोघांनी "वहिनींनी भरलंय का?" अशी चौकशी केली. मी भरले आहे म्हटल्यावर त्यांना जे आश्चर्य वाटले त्यात चिठ्ठी वाचायची राहून गेली. मला अशा वेळी ब्रिटिश सैन्यातील मेजर अलेक्सिस कॅसडॅग्लींची आठवण येते. १९४१ साली जर्मनांच्या युद्धकैदेत असताना त्यांनी एक साधेसुधे नमुनाकापड भरले आणि त्याच्या किनारीतील ठिपक्या-रेघांत मोर्स लिपीतून राजाला दीर्घायुष्य चिंतून हिटलरला अर्वाच्य शिवी दिली. पहारेकऱ्यांनी ते कौतुकाने छावणीत टांगले. फुलीच्या टाक्याकडे कोणी नीट पाहत नाही, याचा एवढा उपयोग करून घेणारा माणूस विरळा. माझ्या चिठ्ठीत लपवण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे मला त्या दुर्लक्षाचा केवळ राग आला.

ताईने ते काम प्रदर्शन आटोपल्यावर घरी पाहिले. तिला मी आधी काहीच सांगितले नव्हते. पहिली ओळ लागायला तिला वेळ लागला, मग बाकीच्या ओळी तिने भरभर वाचल्या, काचेजवळ गेली आणि म्हणाली, "हा ळ माझा नाही. मी ळ असा मिटवत नाही."

मी मूळ चिठ्ठी आणली. तिचे बरोबर होते. तिच्या "ळ"चा उजवा फेरा मधल्या रेघेला टेकत नाही, जरा अलीकडेच थांबतो. रेघा दोन घरांच्या करताना ती फट मी बुजवली होती, आणि पाच महिने रोज त्या अक्षरावरून हात फिरवूनही मला ते दिसले नव्हते. उसवावे लागणार म्हणून मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो, आणि मग ध्यानात आले की इथे काढायचे काहीच नाही. फट म्हणजे आभाळ, आणि आभाळ भरलेले आहे. ग्राफवर पाहिले तर जास्तीची कोरी सुटलेली घरे फक्त तीन होती, सहाव्या छटेतली, जिथे ९३० आणि ३७५० यांचा एकेक पदर चालतो.

फ्रेमची पाठ उघडली, आवळलेला दोरा एका बाजूने सोडला. ताई तोवर खुर्ची ओढून शेजारी बसली होती आणि सुईच्या नेढ्यात दोन रंगांचे पदर एकदम ओवण्याचा प्रयत्न करीत होती.